शिकायला आलेल्या बाईंचा सत्कार

आफ्रिकेतल्या मलावी देशातून एक प्राध्यापिका बारामतीला शिकायला आल्या होत्या आणि मी आठवडाभर त्यांचा सत्कार करत राहिलो. ही माझी चूक. ती मी त्यांना बोलावणाऱ्या आमच्या शिक्षणसंस्थेवर, तालुक्याच्या रीतीवर, पाहुणचारावर ढकलून पाहिली. कुठेच चिकटत नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की इंदापूर रस्त्यावर साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास दाटतो. लोकांना त्यात बरकत आठवते. मला बाई आठवतात, आणि स्वतःची किळस येते.

बाई तिकडच्या एका लहान कॉलेजात हिशेब आणि मालवाहतूक शिकवायच्या. त्यांच्या देशाला समुद्र नाही. "आमची पुस्तकं परदेशी, आणि त्यांतला पहिलाच धडा बंदराचा," त्या इंग्रजीत म्हणाल्या होत्या, "माझ्या मुलांनी जन्मात बंदर पाहिलेलं नाही." संगणकावरचे हिशेब शिकवावेत तर वीज नाही, वीज असेल तेव्हा संगणक बिघडलेला, मुलांना कामाचा अनुभव देईल अशी कंपनी आसपास नाही. कॉलेजने त्यांना बजावलं होतं, प्रात्यक्षिक उभं करा, नाहीतर विभाग बंद. पण कॉलेजच्या भोवती ऊस होता. तोडलेला ऊस थांबत नाही, सुकत जातो. मग कुणाची तोड आधी, कुठली गाडी कधी सुटणार, कारखान्याच्या वजनकाट्यावर कोण पुढे, नोंद कशी ठेवायची, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं तर त्यावर मुलांचं अख्खं वर्ष बांधता येईल, असा त्यांचा विचार होता. त्या तेवढ्यासाठीच आल्या होत्या. मी इथल्याच अंथुर्णे गावचा, आमचा ऊस दरवर्षी कारखान्याला जातो. एक फोन केला असता, तर बाई दिवसभर काट्यावर बसल्या असत्या.

तो फोन मी केला नाही, कारण मी फ्लेक्सचा मजकूर लिहीत होतो. तुम्हीही अशा मंचांवर बसला असाल, म्हणून सांगतो. आमच्याकडे जाणत्या माणसाला काही विचारायच्या आत शालीत गुंडाळतात. एकदा त्याच्या हातात नारळ दिला, की त्याला काय हवं होतं हे ऐकण्यातून सगळे मोकळे. या बिनडोक सोहळ्यांना मी मनात हसायचो, आणि त्यांचं सूत्रसंचालनही मीच करायचो. माइक हातात आला की माझा आवाज मलाच गोड लागे. बाईंची ओळख करून देताना मी म्हणालो, "अंधारातून प्रकाशाच्या शोधात आलेल्या या भगिनी." टाळ्या पडल्या. बाईंनी वाकून अर्थ विचारला. मी सांगितलं, "तुमचं स्वागत आहे, असं म्हणालो."

दुसऱ्या दिवशी मी संस्थेतल्या एका ज्येष्ठांपाशी विषय काढला. सगळे त्यांना तात्या म्हणतात.

"तात्या, बाईंना कारखान्याचा काटा बघायचाय."

"बघू की. पर आधी कऱ्हाटी. तितली मंडळी हार घिऊन बसल्याती. मंग पिंपळी."

"त्या शिकायला आल्यात, तात्या."

"आवो सर, कारखाना कुटं पळून चाललाय व्हय? पाहुणी पळंल!"

मी हसलो. हसायला नको होतं. त्या बेफिकिरीला मीच वाट करून देत होतो. गाडीवाला मात्र मला टोचून गेला. "सर, डिकी शालींनीच भरली. म्याडमच्या बॅगा काय टपावर बांदू? आन् म्हणं मालवाहतूक शिकायला आल्यात!"

शेवटच्या दिवशी इंदापुरात सकाळचा सत्कार होता आणि तिथून थेट काट्यावर जायचं ठरलं होतं. प्रमुख पाहुणे आलेच नव्हते. बाई मंचावर वही मांडीवर घेऊन तयार बसलेल्या. त्यांनी हळूच विचारलं, "निघूया का?" मी म्हणालो, "पाचच मिनिटं," आणि सभा धरून ठेवायला पुन्हा माइककडे गेलो. पाहुणे दुपार कलल्यावर आले. मग भाषणं, मग जेवण, मग पुण्याच्या विमानतळाची घाई. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. बाई काचेला नाक लावून बघत होत्या. "यांतली आधी कुठली, हे कोण ठरवतं?" त्यांनी विचारलं. "मोठा विषय आहे. मी सगळं मेलवर पाठवतो," मी म्हणालो. तिकडून त्यांनी आठवण करून दिली, तेव्हा मी त्यांना सत्काराच्या फोटोंची लिंक पाठवली. त्यानंतर त्यांचं काही आलं नाही.

त्यानंतर कितीतरी हंगाम गेले. ज्या मंचावर बाई बसल्या होत्या, तिथे आता दुसरे कुणी शाल घेतात. आमचं काहीच अडत नाही. वेळ आपली लाज पुसतो म्हणतात. आपली पुसत असेलही. ज्याचं गेलं त्याचं गेलेलं तो परत आणून देत नाही. या वर्षी मी अखेर बाईंना फोन केला. त्यांनी ओळखलं, घरच्यांची चौकशी केली. विभाग त्याच वर्षी बंद झाला होता. मुलं पांगली, काहींनी शिक्षणच सोडलं. बाई आता शाळेत लहान मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवतात. "तुम्ही माझा फार मान ठेवलात," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. मी बोलण्याची तयारी करून बसलो होतो, चांगली वाक्यं जुळवली होती. ती सगळी बाजूला सारली.

"तो मान नव्हता, बाई," मी म्हणालो. "तुम्ही निघूया म्हणालात, तेव्हा मी माइक खाली ठेवायला हवा होता. मला बोलायचं होतं, म्हणून मी तुम्हाला बसवून ठेवलं. आणि त्या मंचावर तुमच्या देशाबद्दल मी वाईट बोललो होतो. तुम्ही अर्थ विचारलात, तेव्हा खोटं सांगितलं. माझं चुकलं. मला माफ करा."