मेलो पहिल्या पानावर

वीस वर्षं पेपरात काम केलं की घरात दोन गोष्टी साठतात, जुने अंक आणि किस्से. अंक रद्दीवाल्यानं नेले. किस्से कोणी किलोवर घेत नाही, म्हणून ते अजून माझ्याकडेच पडून आहेत.

मी हिंगोलीच्या कार्यालयात बसायचो. कार्यालय म्हणजे बसस्टँडसमोरची एक खोली, टेबल, फोन आणि फॅक्सचं मशीन. गावोगावचे वार्ताहर बातम्या आणून द्यायचे, मी त्या मुख्य कार्यालयाला पाठवायचो. सुरुवातीला मी हॉटेलात शिरलो की कोणीतरी उठून खुर्ची द्यायचं. पुढं पुढं मी शिरलो की गप्पाच बंद व्हायच्या!

* * *

कनेरगाव नाक्याजवळ जीप ट्रकवर आदळली. चार माणसं गेली. मृतांच्या यादीत आम्ही कळमनुरीच्या कांबळे गुरुजींचं नाव छापलं. गुरुजी जागा धरायला जीपमध्ये पिशवी ठेवून चहा प्यायला गेले होते आणि जीप त्यांना सोडून निघून गेली होती. आम्ही पिशवीतल्या कागदावरून नाव घेतलं!

वाशिमहून त्यांची बहीण ऊर बडवत आली, तर गुरुजी ओट्यावर दाढी करत बसलेले.

गुरुजी कार्यालयात आले. चिडले नाहीत. "खुलासा छापा," एवढंच म्हणाले. आम्ही छापला. आठ दिवसांनी परत आले, हातात दोन्ही अंक.

"भाऊ, मेलो पहिल्या पानावर, अन् जिता झालो सातव्या पानावर, टेंडर नोटिशीच्या खाली! बाजारात लोकं अजून मला पाहून दचकून राहिलेत. सातवं पान वाचतं कोण?"

* * *

स्टँडवर गफूरभाई पेपर विकायचे. त्यांचा आवाज असा, की नांदेडच्या गाडीत बसलेला माणूस खिडकीतून हात काढून अंक घ्यायचा. मुख्य बातमी ते स्वतःच्या शब्दांत ओरडायचे आणि ती आमच्या मथळ्यापेक्षा बरी असायची.

एक दिवस बघतो तर गफूरभाई गठ्ठ्यापाशी गप्प बसलेले. विचारलं, "तब्येत बरी नाही का?"

"तब्येत बराबर है भाऊ. पहले खबर रैती थी, तो आवाज निकलती थी. अब इश्तिहार कू क्या आवाज देऊँ?"

मी अंक उचलला. पहिलं पान पूर्ण साबणाच्या जाहिरातीचं होतं.

* * *

कळमनुरीच्या पलीकडच्या एका वस्तीत बोअरचं पाणी गढूळ येऊ लागलं. लेकरं हगवणीनं आडवी झाली. चार बाया बाटलीत पाणी घेऊन कार्यालयात आल्या. मी बाटली टेबलावर ठेवली, सगळं लिहून घेतलं, पाठवलं. दुसऱ्या दिवशी बातमी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी त्या परत आल्या.

मी म्हणालो, "ताई, जागेअभावी राहिली."

त्यांच्यातली एक थोराड बाई होती. तिनं टेबलावरचा अंक ओढला. पहिल्या पानावर एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता, दोन्ही हात जोडलेला मोठा फोटो.

"जागा न्हाई व्हय? अन् ह्या बाबाचे हात एवढाले कशाला छापले? निस्ते हात कापले असते, तरी आमची वस्ती बसली असती त्यात!"

जाताना त्यांनी पाण्याची बाटली मात्र नेली नाही. महिनाभर ती टेबलावर तशीच होती. फेकायला माझा हात धजेना.

* * *

मग स्कीमा आल्या. वर्षाची वर्गणी भरा, रोजचं कुपन कापून चिकटवा आणि बादली मिळवा. खप वाढला! मुख्य कार्यालयातल्या साहेबांनी पेढे वाटले.

पुढच्या वर्षी स्कीम नव्हती. वसमतहून एका जुन्या वाचकाचा फोन आला. "यंदा बादली न्हाई का?"

म्हटलं, "नाही. पण पेपर आहे."

"मंग ऱ्हाऊ द्या."

* * *

एका निवडणुकीत आमच्या एकाच पानावर दोन बातम्या आल्या. डाव्या बाजूला एका उमेदवाराचा विजय निश्चित, उजव्या बाजूला दुसऱ्याचा विजय निश्चित. दोन्ही वरून तयार आलेल्या, खाली नाव 'आमच्या प्रतिनिधीकडून'. म्हणजे माझ्याकडून!

धाब्यावर एका म्हाताऱ्यानं मला गाठलं. "पाहुणे, दोघंबी निवडून आले म्हणता. मंग आमी मत द्यायला काहून जावं?"

सगळा धाबा हसला. मीही हसलो. दुसरं काय करणार?

* * *

आखाडा बाळापूरचे आमचे वार्ताहर नामदेवराव. पिठाची गिरणी चालवायचे, बातमीचा कागद आणला तर त्यावरही पीठ. जवळच्या एका खेड्यातल्या शाळेवर त्यांनी लिहिलं. एका संस्थेची शाळा होती ती. भिंत फाटलेली, तुळई कुजलेली. "भेगेत माझा पंजा जाऊन राहिला," ते मला म्हणाले. गावातही सांगून आले, "लेकरं बसवू नका तिथं. दोन दिवसांत पेपरात येतं, मंग बघू कोण दुरुस्त करत न्हाई!"

बातमी मीच फॅक्स केली. आली नाही. संस्थेचे अध्यक्ष दर सणाला आम्हाला पानभर जाहिरात द्यायचे. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

अडीच महिन्यांनी भर वर्गात छत खाली आलं. पाच लेकरांचं खरचटण्यावर निभावलं. एका मुलीचा पाय गुडघ्याखाली चेंदला.

मुख्य कार्यालयातून फोन आला, "ताबडतोब बातमी पाठवा, पहिल्या पानाला." नामदेवराव कार्यालयात आले आणि जुनाच कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, "हीच धाडा." मी तीच पाठवली.

दहा मिनिटांत परत फोन. "अहो, तारीख चुकलीय तुमची. आणि 'कोसळण्याच्या बेतात' काय? कोसळलंय ना?"

नामदेवरावांनी माझ्या हातातून फोन घेतला. "तारीख बराबर हाय साहेब," म्हणाले आणि ठेवून दिला.

आम्ही दोघं नांदेडला दवाखान्यात गेलो. मुलगी गुंगीत होती. तिचा बाप मेंढरं राखणारा, खाटेच्या पायथ्याशी खाली बसलेला. नामदेवरावांनी त्याच्यापुढं हात जोडले.

तो माणूस आमच्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "तुमी सांगितलं तवा म्या हिला घरीच ठेवली होती. मला वाचता येत न्हाई. हीच रोज पारावर जाऊन पेपर पाहायची अन् सांगायची, 'बाबा, आजबी न्हाई आलं.' महिनाभर पाहिलं. मंग मीच म्हनलं, तसं काही नसंल बाई, जा शाळेत."