काकांची सायकल सरळ केली त्याची गोष्ट

आमच्या काकांची नक्कल मी एक नंबर करायचो. काका राहनाळच्या एका गोदामावर रातपाळीचे वॉचमन. ड्युटीला सायकलने जायचे. सीट उंच, उजवा पाय गरगर फिरतोय आणि डावा नुसता हलतोय, जसं काय खालून कोणी गुदगुल्या करतंय. हळदीला चार माणसं जमली की मी स्टुलावर बसून काका चालवून दाखवायचो. सगळ्यात जास्त काकाच हसायचे.

बारावीच्या सुट्टीत माझ्या अंगात आलं, काकांची खटारा सायकल नवी करून द्यायची. ते लग्नासाठी पडघ्याला गेले तशी मी सायकल अंगणात उलटी केली. चाक फिरवून बघितलं तर डुगडुगत होतं. चेन ढिली, ब्रेकचे रबर संपलेले. फ्रेम मात्र ठणठणीत. पायडलचे दांडे बघून तर मी हसून लोळलोच. उजवा मोठा, डावा आखूड, पोरांच्या सायकलचा. म्हटलं, म्हाताऱ्याला कोणीतरी गंडवलंय. गंज घासला, काळा रंग मारला, चाकं सरळ करून आणली. डावा दांडा उजव्याएवढा बसवला, सीट खाली घेतली. आखूड दांडा भंगारात दिला.

काका आले, सायकलभोवती फिरले, घंटी वाजवली. नवरीसारखी दिसतेय म्हणाले. शेजाऱ्यांना बोलावून दाखवली. पण संध्याकाळी ड्युटीला निघाले ते ती हातात धरूनच. म्हणे रंग ओला हाय. दुसऱ्या दिवशीही तेच. रंग तर कधीच वाळला होता.

तिसऱ्या संध्याकाळी मी मागोमाग गेलो. नाक्याच्या पुढे काका कंटेनरच्या कडेकडेने सायकल ढकलत चालले होते, घामाघूम. मी गाठून विचारलं, पंक्चर झाली का.

"न्हाय रं. डावा गुडगा पुरता वलत न्हाय माझा, लूमच्या कारखान्यात पडलो तवापासून. तो बारका दांडा मीच बसवून घेतला व्हता."

"मग बोललात का नाही?"

"तू येवरं मन लावून केलंस. कसा बोलू? पन दोन दिस लेट झालोय. आज झालो तर दुसरा मानूस बसवतील."

तो पाय मला तोंडपाठ होता. असा का हलतो, हे कधी विचारलं नव्हतं.

काकांना कॅरिअरवर बसवलं आणि पायडल मारत सुटलो. त्यांचा डावा पाय बाजूला ताठ. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते.

"काका, पाय जरा आत घ्या."

"आत आला असता तर तुज्या मागं कशाला बसलो असतो? समोर बघ."

मी जोरात पायडल मारलं. गेटवर पोचलो तेव्हा दिवसपाळीवाला डबा आवरत होता. काका उतरले, शर्ट खोचला आणि सकाळी न्यायला ये म्हणाले. मी मान हलवली. त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.