एआयच्या बैलाचा खांदा

मंडळी, आज बडनेऱ्याच्या माझ्या फ्लेक्सच्या दुकानात मी पोळ्याच्या बॅनरसाठी एआयकडून बैलजोडी बनवून घेतली. एक नंबर जमली होती.

तेवढ्यात सलीमचाचा पेंटर आले. गावातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. माझ्या फ्लेक्सनंच त्यांचं काम गेलं, तरी चहाला रोज येतात.

चित्र पाहून म्हणाले, "जोडी झकास हाय बेटा. पण यायनं कदी जू वाह्यलंच नाही. खांद्यावर घट्टा कुठी हाय? उद्या पोळ्याच्या आदल्या सांजेले खांदा शेकताना तूप-हळद कुठी लावान?"

खोटं कशाला बोलू, आधी रागच आला. मग चाचांनी घट्ट्याची जागा बोटानं दाखवली. त्या बोटावरही घट्टा होता, ब्रशचा.

मी माझा हात हळूच टेबलाखाली घेतला.

तुमच्या हातावर कोणत्या कामाचा घट्टा आहे?