बिनतोफेची जहाजं

आमच्या नानामामाला राग आला की हाताशी असेल ते उडायचं. वाटी, चप्पल, एकदा तर शेजाऱ्याची सायकल, तीही शेजारी सीटवर बसलेला असताना. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, नानाखेड्याच्या कॉलनीत दूधवालासुद्धा आधी मामाचा आवाज कसा लागलाय ते ऐकायचा आणि मगच फाटक उघडायचा. कॉलेजसाठी मी त्याच्याकडे राहायची. मला त्याचा भयंकर राग यायचा आणि तितकीच मायाही होती. दोन्ही अजून आहेत.

मामा कापड गिरणीत ड्राफ्ट्समन होता. नव्या धोरणांच्या वाऱ्यात गिरणी बंद पडली, आणि तो घरी बसून एका काल्पनिक अंतराळ स्थानकाची माहितीपुस्तिका लिहू लागला. स्थानकाचं नाव त्रिशंकू. हवा कुठून येते, पाणी कसं गाळतात, जहाज धक्क्याला कसं लागतं, सगळं नकाशांसकट. कोणी गोष्ट म्हटलं की भडकायचा. "कहाणी कोणी पण लिहून देईल. हे चालवायचं पुस्तक आहे!"

प्रत्येक जहाजाचं तो पत्र्याचं मॉडेल करायचा आणि अंगणात हातोडीने चेचायचा. पहिली भेग पडेल तिथे नकाशावर लाल रेघ. "फोडल्याशिवाय समझत नाही, कुठे कच्चं आहे," हे त्याचं तत्त्वज्ञान. पत्र्याचे तुकडे आमच्या पायात घुसायचे. कुरकुर केली तर वर एक थप्पड मिळायची.

अशा माणसाच्या एकाही जहाजावर तोफ नव्हती. मी कारण विचारलं, तर म्हणाला, "तिथे कोणी कोणाला मारत नाही."

मामी आतून बोलली, "ह्यांना तोफ कशाला लागते? वाटी पुरते." तिच्या कपाळावर वाटीची खूण होती.

पुढे फ्रीगंजमधला एक छापखानेवाला पुस्तक छापायला तयार झाला. मामाने नवा शर्ट शिवला. मुखपृष्ठ बघायला मलाही घेऊन गेला. पाहतो तर पेंटरने प्रत्येक जहाजावर तोफा चढवलेल्या आणि त्यांतून आगीचे लोळ. छापखानेवाला हसत म्हणाला, "भाईसाब, बिना लड़ाई के कौन खरीदेगा? केबल पर बच्चे यही देख रहे हैं."

मामाने टेबलावरची लोखंडी पट्टी उचलली. शेजारी उभ्या पेंटरचा हात अजून चित्रावरच होता. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मग लोकांनी मामालाही रस्त्यावर ओढून तुडवलं, आणि पोलीस घेऊन गेले.

पुस्तक अर्थातच छापलं गेलं नाही. पेंटरला पुन्हा ब्रश नीट धरता आला नाही. सुटून आल्यावर मामाने त्रिशंकूचा नकाशा पसरला आणि हवेच्या टाक्यांशेजारी एक चिंचोळी खोली काढली. वर लिहिलं, ‘कोठडी’. राहणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव. मग इतक्या वर्षांत प्रथमच त्याने पान मामीसमोर ठेवलं.

तिने कोठडीच्या दारावर बोट ठेवलं. "कडी कुठून आहे?"

"बाहेरून."

"आणि खोलणार कोण?"

"तू बोलशील तेव्हा."

"मग मी कधीच नाही बोलणार," मामी म्हणाली.

मामाने मान हलवली. त्याला ते पटलं होतं.