दादांची सही

आमच्या वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. बेंबळीच्या शाळेत ते शिपाई होते. त्यांच्या बापानं जन्मभर अंगठाच उठवला, अन् त्या अंगठ्याशेजारी ‘निशाणी अंगठा’ लिहून पुढं बापाचं नाव टाकायचं काम लहानपणापासून दादांकडं. म्हणून स्वतःच्या सहीचा त्यांना लई अभिमान. पूर्ण नाव, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. गल्लीत कुणाला साक्षीदार लागला की दादांनाच बोलावणं यायचं. आधारच्या झेरॉक्सवर कुणी एक सही मागितली तर हे दोन करून द्यायचे. वर म्हणायचे, “आपल्याच नावाला काय भ्यायचं?”

मला मात्र कायम घाई. त्यांचा जुना नंबर बंद पडला होता, अन् येरमाळ्याच्या स्टँडबाहेर एक माणूस छत्री लावून सिमकार्ड विकत बसला होता. फोटोत डोळे मिटले, अंगठा उठला नाही, सही चौकटीबाहेर गेली, असं म्हणत त्यानं सगळं चारदा करून घेतलं. दादांनी विचारलं, “चार कशाला वो?” मीच करवादले, “द्या की दादा, बस जाईल.” बस कुठली जाती, अर्धा तास उशिरानं आली.

पुढं चार महिन्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातले दोन पोलीस दादांचं पूर्ण नाव विचारत गल्लीत आले. दादांच्या नावावरच्या एका नंबरवरून कुणीतरी बँकेचा साहेब बनून एका विधवा बाईला फसवलं होतं. तिनं लेकीच्या लग्नासाठी ठेवलेलं सगळं गेलं होतं. पोलिसांनी सिमचा कागद पुढं धरला. “सही तुमचीच ना?” रेघ, दोन टिंबं. दादा बघतच राहिले. खोटं बोलायची सवय नाही माणसाला. “व्हय, माझीच हाय,” म्हणाले.

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. गल्लीतल्या लोकांनी बोलणं टाकलं नाही, पण साक्षीला बोलावणं बंद झालं. मला त्या लोकांचा राग आला, अजून येतो. त्याहून जास्त माझा स्वतःचा.

मग मी धाव धाव धावले. सायबर शाखेत तक्रार दिली, पोच घेतली. दादांच्या नावावर किती नंबर चालू आहेत ते काढलं, तर चार निघाले, एक आमचा अन् तीन परके. ते तीन बंद केले. आधारवरचा अंगठा लॉक केला. आता कुठंही झेरॉक्स द्यायची तर कुणाला, कशासाठी, कोणत्या तारखेला, हे तिच्यावर आडवं लिहिल्याशिवाय मी देत नाही. दुधानं तोंड पोळल्यावरचं शहाणपण हे. दादा या सगळ्यात एकच विचारायचे, “त्या बाईला कुणी सांगितलं का गं, मी न्हाय म्हणून?” मी तीनदा विचारलं. पोलिसांनी तिचा पत्ता दिला नाही.

शेवटच्या जबाबाला मी दादांना घेऊन गेले. साहेब भला माणूस होता. म्हणाला, “तुमचा काही दोष नाही दादा, तसंच लिहिलंय. इथं सही करा, झालं.” दादांनी पेन घेतला, टोपण लावलं अन् टेबलावर ठेवला.

“अंगठा घ्या सायेब.”

“अहो, तुम्हाला लिहिता येतं ना?”

“येतं. पन आता न्हाय करायची.”

माझं डोकं फिरलं. “दादा, चारचौघांत असं काय करता? करा की सही.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आवाज चढवला नाही. “तू म्हणलीस तवा केली ना गं, चारदा.”

अंगठासुद्धा चोरता येतो हे मला कळत होतं, पण ते सांगायला तोंड उरलं नव्हतं. साहेबांनी शाईचा पॅड सरकवला. दादांनी डावा अंगठा टेकवला अन् कागदावर हळू दाबला.

“शेजारी नाव लागतं,” साहेब म्हणाले. “कोण लिहिणार?”

दादांनी पेन माझ्या हातात दिला. मी ‘निशाणी अंगठा’ लिहिलं अन् दादांचं नाव लिहायला लागले. पहिलंच अक्षर वाकडं गेलं.

“नीट अक्षर काढ,” दादा म्हणाले. “माझा बाप बी हेच म्हनायचा.”