मिरचीला जाणाऱ्यांचा फोटो

संक्रांत झाली की नदीपलीकडच्या एका गावातून मला फोन येतो. "ताई, आमची गाडी सोमवारी चालली. तुमचा दिवा घेऊन या." दिवा म्हणजे माझा फ्लॅश. फोन करणारी बाई साठीची, टोळीची म्होरकी, आणि नाही ऐकायची तिला सवय नाही. तशी मलाही नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं.

ब्रह्मपुरीच्या बस स्टँडजवळ माझं फोटोचं दुकान आहे. लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो, ओळखपत्रं, सगळं करते. पण हा एक फोटो मी कुठल्याही लग्नासाठी सोडत नाही. गाव तळ्याकाठचं आहे. काही घरं तळ्यात मासे धरतात, काही धान लावतात, आणि धान घरात आलं, तळं आटत गेलं की दोघांच्याही हाताला काम उरत नाही. मग टोळी जमते आणि तेलंगणात मिरची तोडायला जाते, ती ऊन तापल्यावरच परत येते. टोळीत बायकाच जास्त. दिवस बुडाला की गाडी निघते, म्हणजे सिरोंच्यामार्गे सकाळपर्यंत शेतावर पोचता येतं. निघण्याआधी फोटो. जे चालले ते फोटोत, जे राहणार ते माझ्या पाठीमागे, अशी तिथली पद्धत आहे. नंतर त्याची प्रत घरोघरी जाते आणि टोळी परत येईपर्यंत भिंतीवर राहते.

मोबाइल काय, सगळ्यांकडेच आहेत. पण अंधारात मोबाइलने काढलेल्या ग्रुपमध्ये पुढच्या रांगेचे दात दिसतात आणि मागे सगळा काळोख. खरं सांगायचं तर बरेच फोटोग्राफरही तेच करतात. फ्लॅश कॅमेऱ्यावर ठेवायचा, समोरच्यांना पांढरंफटक करायचं आणि मागच्यांना देवाच्या भरवशावर सोडायचं. मला त्याचा राग येतो. गावात मागच्या रांगेत कोण उभं असतं ते मला ठाऊक आहे. मागच्या रांगेत सुना असतात, आणि ज्यांना कोणी पुढे बोलावत नाही अशा बाया असतात. म्हणून मी उंच स्टँड नेते, फ्लॅश वर चढवते, समाजमंदिराच्या पांढऱ्या भिंतीसमोर सगळ्यांना उभं करते आणि शेवटच्या बाईच्या नाकापर्यंत उजेड पोचल्याशिवाय बटण दाबत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी गेले तेव्हा गाडी भरून उभी होती. वर गाठोडी, भांडी, ताडपत्र्या. पुढची रांग ताडपत्रीवर बसवली, मधली उभी केली, मागची शाळेतून आणलेल्या बाकांवर चढवली. कुजबुज, खोकला, कोणाचं तरी पोर माझ्या मागे रडतंय, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मी ओरडायला सुरुवात केली. माझा आवाज मोठा आहे. नवरा म्हणतो, तुला फ्लॅशची गरज नाही, तू नुसती ओरडलीस तरी माणसं उजळतील.

मागे एका कोपऱ्यात एक जण ओढणी नाकापर्यंत ओढून उभी होती. थंडी होती खरी, पण माझ्या फोटोत अर्धा चेहरा चालत नाही.

"ए ओढणीवाली! तोंड काय घरी ठेवून आलीस? काढ ती ओढणी."

ती हलेना. मी आणखी मोठ्याने ओरडले. शेवटी तिने ओढणी जराशी खाली केली आणि मी बटण दाबलं.

फोटो झाला की मी स्क्रीनवर एकेक चेहरा मोठा करून डोळे तपासते, कारण अंधारातून फ्लॅश अंगावर आला की निम्मी माणसं डोळे मिटतात. बायका लगेच भोवती गोळा झाल्या. पुढच्या रांगेतली एक सडपातळ बाई आपला चेहरा शोधत होती. मी पुढची रांग दाखवली, मधली दाखवली आणि मागच्या कोपऱ्यावर आले. त्या बाईने स्क्रीनवर बोट टेकवलं. मग वळली, थेट बाकाकडे गेली आणि ओढणीवालीचं मनगट धरून तिला खाली ओढलं.

ती तिची मुलगी होती. बारावीत शिकणारी, एकुलती एक. बाप नाही. परीक्षा तोंडावर आलेली. माय मिरचीला जाणार आणि मुलगी घरी राहून पेपर देणार असं ठरलेलं, आणि मुलगी दप्तरात कपडे भरून अंधारात मागच्या रांगेत जाऊन उभी राहिलेली. गाडी सुटल्यावर कोणी तिला उतरवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. माझ्या दिव्याने तिचा बेत उघडा पाडला.

"काऊन चढली वर?" माय म्हणाली. "पेपर कोन देईन?"

"मागच्या साली तिथी तुले ताप होता," मुलगी म्हणाली. "कित्येक दिवस झोपडीतून उठली नाई तू. मले फोनवर सांगे, बरी हाये, बरी हाये. तू तिथी मरून गेली असती तं मले कोनं सांगतलं असतं?"

मायने म्होरकीकडे पाहिलं.

"माह्याकडं काय पाहते?" म्होरकी म्हणाली. "मीच सांगतलं तिले. खोटं सांगतलं का?"

मिरचीच्या शेतात खोकून खोकून बायकांच्या बरगड्या दुखतात, बोटं रात्रभर जळतात, हे त्या रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यात ताप. मला त्या मुलीचं म्हणणं पटत होतं. मग मायकडे पाहिलं तर तिचंही पटत होतं. असं झालं की मी फार चिडचिडी होते, कारण कोणावर ओरडावं ते कळत नाही.

शेवटी मायने दप्तर उचलून मुलीच्या छातीशी दिलं आणि तिला हाताला धरून माझ्या बाजूला आणून उभं केलं. "इथीच राह्य," एवढंच म्हणाली आणि जाऊन आपल्या जागी बसली. मुलगी उभी राहिली, स्टँडला खेटून.

म्होरकी म्हणाली, "ताई, दुसरा काढा. जे चालले तेच पाह्यजे फोटोत."

पहिल्यात तसेही बऱ्याच जणांचे डोळे मिटले होते. म्हणून मी मोठ्या ग्रुपची युक्ती काढली. "सगळ्यांनी डोळे मिटा. मी तीन म्हटलं की उघडा. आधी नाही." सगळ्यांनी मिटले. एक, दोन, तीन. फ्लॅश उडाला. स्क्रीनवर पाहिलं तर सगळ्यांचे टक्क उघडे, फक्त त्या मायचे मिटलेले. पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तसंच झालं तेव्हा माझा पारा चढला.

"अहो पुढच्या बाई, तीन ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"येते ना ऐकू," ती मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली. "पोरगी तुमच्या बाजूले उभी हाये. उघडले तं ते मले दिसन. मंग माह्यानं जाणं होनार नाई."

रांगांमध्ये कोणी हललं नाही. ड्रायव्हरनेही हॉर्नवरचा हात काढला. सगळी माणसं तशीच बसून आणि उभी राहून मुलीकडे पाहत होती, कारण आता सगळं तिच्या हातात आलं होतं. तिने नुसता हुंदका दिला असता तरी मायने गाठोडं गाडीवरून उतरवून घेतलं असतं. तिला हवं होतं ते झालं असतं. आणि ती रडत होतीच. आवाज न करता, पण गाल भिजलेले. मी तिच्याकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बोल ग पोरी, थांबव तिला. माय गेली नसती तर त्यांचं घर वर्षभर कसं चाललं असतं, हा विचार तेव्हा मला शिवलाही नाही.

मुलीने ओढणीने तोंड पुसलं. घसा साफ केला.

"माय, उघड डोळे. मी रडून नाई राह्यली."

माय तशीच बसून.

"पेपर देतो मी. पुरे देतो. तू रोज संध्याकाळी मले मोबाइलवर तोंड दाखवजो. नुसतं बोलून नाई चालनार. बिमार पडली तं लपवू नको."

"नाई लपवत," माय म्हणाली.

"मंग उघड."

तीन म्हणायचं मी विसरले. तिने डोळे उघडले तेव्हा बोट आपोआप दाबलं गेलं. दुसरा काढू का, असं कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काढला नसता. लगेच सगळे उठले, गाडीत चढले, म्होरकीने मायला आपल्या शेजारी घेतलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत मुलगी हात हलवत होती. मी स्टँड आवरायला घेतला आणि डोळे पुसले. कोणी पाहत होतं की नाही कोण जाणे.

चार-पाच दिवसांनी ती कॉलेज सुटल्यावर दुकानात आली. गावच्या सगळ्या प्रती तीच नेणार होती. मी एक तिच्यासमोर ठेवली. तिन्ही रांगा स्वच्छ आल्या होत्या, मागच्या कोपऱ्यातल्या बाईचं डोरलंसुद्धा दिसत होतं. सगळे कॅमेऱ्यात पाहत होते. माय तेवढी कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला.

"माह्याकडं पाहून राह्यली," मुलगी म्हणाली. मग तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. "ताई, माय इतकी पांढरी काऊन दिसते?"

"फ्लॅशने," मी म्हटलं. "फ्लॅशमध्ये सगळेच तसे दिसतात."

तिने लगेच मान हलवली नाही. मागच्या रांगेपासून सुरुवात करून तिने एकेका बाईच्या चेहऱ्यावर बोट ठेवत, त्याही तेवढ्याच पांढऱ्या आहेत का ते पाहिलं, सगळ्या पाहून झाल्यावर पुन्हा मायचा चेहरा पाहिला, आणि मगच तो फोटो दप्तरात ठेवला.