पांढरा झगा

जळकोटच्या पुढच्या एका गावात महिन्यातल्या एका रविवारी मी मिस्सा, म्हणजे आमची उपासना, करायला जात असे. तिथं चर्च नव्हतं. एका म्हातारीच्या अंगणात टेबल मांडायचं, त्यावर धुतलेली चादर, दोन मेणबत्त्या, समोर सात-आठ घरांची माणसं. मला उशीर झाला की म्हातारी सगळ्यांदेखत झापायची, "फादर, देवाला काय दुसरी कामं न्हाईत का?" मी तापट माणूस. बिशपांचंही मुकाट्यानं ऐकून घेत नाही. तिचं मात्र ऐकून घ्यायचो.

तिच्या घरात खिळा एक आणि तसबिरी दोन. वर लक्ष्मी, तिच्यामागं पवित्र मारिया. मिस्सा असली की मारिया पुढं यायची, मी गेलो की परत मागं. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म हिंदू होता आणि पुढं जात. ख्रिस्ती म्हणून कागदावर आलं की अनुसूचित जातीच्या सवलती जातात. देव बदलला तरी गावातली पायरी बदलत नाही, हे सरकारला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

म्हातारी अंथरुणाला खिळली तेव्हा मी तिला पवित्र तेल लावायला गेलो. तिनं माझं मनगट धरलं.

"जन्मभर माउलीला पाठीमागं ठिवलं, फादर. मला मातीत ठिवताना तुमी पांढरा झगा घालून या. मोठ्यानं म्हणा समदं. गावाला बघू द्या."

"येतो."

"हाव म्हणा."

"हाव, माय."

मे महिन्यात ती गेली. सकाळी तिचा मुलगा मिशनच्या दारात आला. मोटरसायकलवरून उतरलासुद्धा नाही.

"फादर, पोरीचं जात पडताळणीचं चालू हाय. नर्सिंगला नंबर लागलाय तिचा. चौकशीवाले गावात येऊन समद्याला इचारून राहिलेत. तुमी झगा घालून आलात तर पोरीचं संपलं." मग खाली बघत म्हणाला, "येऊच नका असं म्हणत न्हाई. साध्या कपड्यात या. घराकडं नका, सरळ मातीला या. अन् पोरीला यातलं काई कळू देऊ नका. आज्जीची लई हाय ती. कागद फाडून टाकील."

मला संताप आला, पण तो काढायचा कुणावर ते कळेना. मुलाचं चुकत नव्हतं. म्हातारीचं तर नव्हतंच. मी झगा कपाटात परत टांगला, शर्ट-पँट घातली आणि पाण्याच्या साध्या बाटलीत थोडं पवित्र पाणी घेतलं. प्रार्थना मनात म्हणेन, कुणाला कळू न देता चार थेंब शिंपडीन, एवढं तरी करू, असं ठरवून निघालो.

ओढ्याकाठच्या त्या जागेत सावलीला एक झाड नव्हतं. तिथं बायका मातीला येत नाहीत, त्यामुळं नात घरीच होती. मी गर्दीत मागं उभा राहिलो. शेजारी उभ्या असलेल्या परगावच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पाव्हणे कुठले?"

"लातूरकडचा. ओळखीचा आहे."

"कुणाच्या?"

"मुलाच्या."

म्हातारीच्या म्हणालो असतो तरी काही बिघडलं नसतं. पण जीभ तशी वळली, आणि ते मला अजून खुपतं.

तिला खड्ड्यात ठेवलं. मी मनात प्रार्थना सुरू केली. शेकडो वेळा म्हटलेली, तोंडपाठ, आणि अर्ध्यावर मला पुढचं आठवेना. तेवढ्यात तो म्हातारा माझ्या हाताकडं बघून म्हणाला, "द्या हो जरा. घसा वाळून गेलाय."

नाही म्हणायला कारण लागतं. माझ्याकडं होतं ते सांगता येत नव्हतं. त्यानं बाटली तोंडाला लावली, उरलेलं पाणी दुसऱ्याला दिलं आणि रिकामी बाटली मला परत केली. सगळ्यांसारखी मूठभर माती टाकून मी तिथून निघालो.

अंगणातली मिस्सा त्यानंतर बंद पडली. पोरीची पडताळणी मात्र झाली.

मध्ये काही वर्षं गेली. गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला आणि नांदेडच्या एका दवाखान्यात ठेवलं. सलाईन लावायला जी नर्स आली ती म्हातारीची नात होती. तिनं मला लगेच ओळखलं. पहिल्याच टोचणीत तिला शीर सापडली. मला फार बरं वाटलं, आजी असती तर गावभर सांगत सुटली असती. पट्टी चिकटवून झाल्यावर ती हळूच म्हणाली,

"फादर, एक इचारू? आज्जी शेवटी शेवटी तुमचंच नाव घेत होती. मातीच्या दिवशी मी सकाळपासून दारात उभी व्हते, पांढरा झगा दिसंल म्हणून. तुमी आला न्हाईत. कामून?"

तिच्या छातीवर नावाचा बिल्ला होता. खरं सांगितलं असतं तर मी मोकळा झालो असतो आणि तो बिल्ला तिला जन्मभर जड झाला असता.

"दुसरीकडं मिस्सा होती," मी म्हणालो. "जमलं नाही."

तिनं मान हलवली. सलाईनचे थेंब जुळवले, माझं पांघरूण सारखं केलं आणि पुढच्या खाटेकडं गेली. नंतरचे तीन दिवस माझ्या खाटेकडं ती दुसऱ्या नर्सला पाठवत राहिली.